मानमोडी पक्ष्याच्या दोन जाती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जगात मानमोडीच्या जाती किती?

दोनच. एक आपल्याकडे हिवाळ्यात येते ती, युरोप आणि आशियाभर पसरलेली, शास्त्रीय नाव जिंक्स टॉर्क्विला. दुसरी फक्त आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला राहणारी, जिंक्स रुफिकॉलिस. पहिलीला १७५८ साली लिनियसने नाव दिलं, दुसरीला १८३० मध्ये वाग्लरने. जिंक्स या प्रजातीत या दोघींशिवाय तिसरं कुणी नाही.

या दोघींना मराठीत काय म्हणायचं?

आपल्याकडच्या पक्ष्याचं नाव मानमोडी. हिंदीतही जवळपास तोच अर्थ आहे, गर्दन ऐंठा. आफ्रिकेतली जात इकडे येतच नाही, त्यामुळे तिला मराठीत बोलीतलं नाव असण्याचं कारणच नाही. या पानावर मी तिला सोयीसाठी ‘तांबगळी मानमोडी’ म्हणतो. पहिलीला टॉर्क्विला.

जाता जाता एक सूचना. ‘मानमोडी’ हा शब्द इंटरनेटवर शोधलात तर पक्ष्याआधी जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातली लेणी समोर येतील. आणि घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांच्या कानावरून त्यांच्या आईवडिलांच्या तोंडची ‘मानमोडीची साथ’ गेलेली असू शकते. ती १९१८ च्या इन्फ्लुएन्झाची. पक्ष्याचा त्या साथीशी काडीचा संबंध नाही.

माझ्या फोटोतली मानमोडी कोणती, हे कसं ओळखू?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर ऐकून लोक थोडे हिरमुसतात. फोटोकडे बघण्याआधी सांगा, तुम्ही उभे कुठे होता?

भारतात उभे असाल तर प्रश्न संपला, ती टॉर्क्विला. सोलापूरच्या माळावर असो, गोव्यात असो की काश्मीरच्या बागेत. जोहान्सबर्गमध्ये नोकरीनिमित्त असाल आणि बंगल्याच्या आवारात मातकट, ठिपक्याठिपक्यांचं पाखरू विजेच्या खांबावर बसून ओरडत असेल, तर ती तांबगळी. युरोपात कुठेही दिसली तर टॉर्क्विला. पुस्तकातली चित्रं शेजारी शेजारी ठेवून गळ्याची छटा तपासण्याची वेळ जगाच्या एका पट्ट्यातच येते, त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

पक्षी ओळखताना आपण पिसांवर फार भर देतो. या दोघींच्या बाबतीत नकाशा आणि कॅलेंडर पिसांपेक्षा जास्त बोलतात.

तरीही, पिसांतले फरक सांगा.

सांगतो. आधी दोघींत सारखं काय, ते बघू, कारण गोंधळ तिथूनच होतो. दोघींची पाठ जुन्या बाभळीच्या सालीसारखी: राखाडी, तपकिरी, त्यावर बारीक नक्षी, मध्येच काळपट फटकारे. दोघींच्या डोक्यापासून पाठीपर्यंत मधोमध एक गडद पट्टा उतरतो, कुणी बोटाने काजळ ओढावं तसा. शेपटी दोघींची लांब, करडी, आडव्या पट्ट्यांची. फांदीवर निश्चल बसली तर रातवा पक्ष्याची आठवण व्हावी इतकी बेमालूम.

आता फरक. तांबगळीच्या नावातच तो आहे. हनुवटीखालून छातीच्या वरच्या भागापर्यंत विटकरी, गंजल्यासारखा डाग असतो. आफ्रिकेत तिच्या तीन उपजाती मानतात, आणि उपजातीनुसार हा डाग कमीजास्त पसरतो, त्याची छटाही बदलते. टॉर्क्विलाचा गळा पिवळसर, सायीच्या रंगाचा असतो आणि त्यावर बारीक आडव्या रेघा.

दुसरा फरक मला गळ्यापेक्षाही भरवशाचा वाटतो: रेघांची दिशा. टॉर्क्विलाच्या गळ्या-छातीवर रेघा आडव्या, आणि पोटाकडे त्यांचे बाणाच्या टोकासारखे ठिपके होतात. तांबगळीच्या पोटावर रेघा उभ्या, पेन्सिलीने ओढल्यासारख्या. उन्हाने रंग फसवतो, रेघेची दिशा फसवत नाही.

तिसरा फरक चेहऱ्यावर. टॉर्क्विलाच्या डोळ्यातून मागे मानेकडे जाणारी गडद पट्टी ठळक असते. तांबगळीचा गाल त्या मानाने सपाट दिसतो. शेपटीच्या बुडाशी, खालच्या बाजूला तांबगळीला दालचिनीची झाक असते.

आकाराचं म्हणाल तर टॉर्क्विला साधारण १६ ते १८ सेंटिमीटर, तांबगळी १९ च्या आसपास आणि अंगाने जरा भरलेली. एकटा पक्षी समोर असताना हा दीड-दोन सेंटिमीटरचा फरक कुणाच्या बापाला कळणार नाही, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

पुण्याजवळ काढलेल्या माझ्या फोटोत गळा चक्क तांबूस दिसतोय. आफ्रिकेची मानमोडी भरकटून आली असेल का?

नाही. संध्याकाळचं पाचनंतरचं ऊन पिवळसर गळ्यावर पडलं की तो केशरी दिसतो, आणि मग फोनवर रंग थोडे ‘खुलवले’ की विटकरी होतो. मूळ फोटो उघडा, छातीवरच्या रेघा बघा. आडव्या दिसतील.

आणि तांबगळी मुळात घरकोंबडी आहे. काही भागांत ती थोडीफार इकडेतिकडे सरकते, पण समुद्र ओलांडून जाणं तिच्या स्वभावात नाही.

दोघी एकाच ठिकाणी दिसतील अशी जागा आहे का?

आहे. टॉर्क्विलाचे युरोपातले बहुतेक पक्षी हिवाळा काढायला सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात उतरतात, सेनेगलपासून पार इथिओपियापर्यंत. इथिओपियाच्या डोंगराळ भागात तांबगळी बाराही महिने असते. म्हणजे आपल्याकडे थंडी असते त्या महिन्यांत तिथे पाहुणी आणि घरची, दोन्ही असतात. कॅमेरूनच्या बाजूलाही असा संभव आहे. अशा ठिकाणी मात्र नकाशा मदत करत नाही, मग वरचा गळा-रेघांचा धडा उपयोगी पडतो.

त्यातही एक खूण आहे. हिवाळी पाहुणी टॉर्क्विला बहुधा गप्प असते. एखादी मानमोडी जोडीने बसून एकमेकींना साद घालतेय, ढोलीत जा-ये करतेय, तर ती तिथली घरमालकीण समजा.

मानमोडी सुतारपक्षी आहे म्हणतात. मग ती झाडावर ठकठक का करत नाही?

सुतारांच्या कुळातलीच, पण हातात अवजार नसलेली. चोच लहान आणि नाजूक, त्यामुळे स्वतः लाकूड कोरून ढोली करणं तिला जमत नाही. सुतारपक्षी खोडाला टेकण्यासाठी शेपटीची ताठ, टोकदार पिसं वापरतो, जणू तिसरा पाय. मानमोडीची शेपटी मऊ आणि गोलसर, टेकायला निरुपयोगी. म्हणून ती खोडाला उभी चिकटून चढत बसण्यापेक्षा फांदीवर आडवी बसते, चिमणी-बुलबुल बसतात तशी.

मग सुतार कशावरून? पाय बघा. दोन बोटं पुढे, दोन मागे. आणि जीभ बघा, म्हणजे कधी दिसली तर. लांबलचक, चिकट, तिला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वळसा घालून येतात. बाकी बऱ्याच सुतारांच्या जिभेच्या टोकाला अळी अडकवायला काटे असतात. मानमोडीच्या जिभेला ते नाहीत. तिला लाकडातली अळी ओढून काढायची नसते, मुंग्या चिकटवून घ्यायच्या असतात.

जनुकांच्या अभ्यासातूनही हेच दिसतं की सुतारांच्या वंशवृक्षावर मानमोड्यांची फांदी अगदी बुंध्याजवळ फुटली. बाकी सगळे सुतार त्यानंतर आपापसांत वेगळे झाले. वाटणी होऊन सगळ्यांत आधी वेगळं बिऱ्हाड केलेल्या थोरल्या चुलतघराण्यासारखं आहे हे. आडनाव तेच, पण धंदा वेगळा.

ती मान का मोडते?

या प्रश्नाचं उत्तर लिहायला मला सगळ्यात आवडतं.

ढोलीत अंड्यांवर बसलेली मानमोडी आहे असं समजा. बाहेरून कुणी डोकावलं, मांजर, मुंगूस, माणूस, कुणीही. ढोली खोल, अंधारी, पळायला वाट एकच आणि त्या वाटेवर शत्रू. चोच कमकुवत, पंजे किरकोळ. मग ती मान लांब करते, डोक्यावरची पिसं उभारते, डोळे अर्धवट मिटते आणि मान हळूहळू डावीकडून उजवीकडे, उजवीकडून मागे अशी वळवत राहते. सोबत फुत्कार. मध्येच जीभ बाहेर काढते. अंधारात हात घातलेल्या माणसाला वाटतं, बिळात साप आहे. हात झटक्यात बाहेर येतो. तिच्या पिलांनाही ही विद्या येते.

अभ्यासासाठी पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालायला त्यांना जाळीतून सोडवणाऱ्या लोकांना हा खेळ हातातच बघायला मिळतो. मुठीत धरलेली मानमोडी मान अशी फिरवते की पिळलेल्या फडक्याची आठवण व्हावी. कधी कधी अंगच टाकून देते, मेल्याचं सोंग घेऊन. पकड सैल झाली की भुर्रकन पसार.

हे दोन्ही जातींत आहे. शिवाय मान हलवणं फक्त भीतीचं नाही. विणीच्या दिवसांत नर-मादी समोरासमोर बसून डोकी मागे टाकतात, हलवतात. तेच अंग, तीच मान, एकदा शत्रूसाठी आणि एकदा जोडीदारासाठी.

आपल्या माळावर हिवाळ्यात हा साप तुम्हाला सहसा दिसणार नाही, कारण इथे ती ना घरटं करते ना घाबरून कोपऱ्यात सापडते. तो बघण्यासाठी तिला मुद्दाम घाबरवायला जाऊ नका. ‘एक व्हिडिओ मिळाला असता’ असं म्हणणारे भेटतात, म्हणून लिहावं लागतं.

आवाजात फरक आहे का?

आहे, पण पाठ करून लक्षात राहणारा नाही, दोन्ही ऐकावे लागतात. टॉर्क्विलाचा आवाज म्हणजे एकाच पट्टीत ‘क्वी-क्वी-क्वी-क्वी’ अशी लांब, नाकातून आल्यासारखी रडकी साखळी, एखाद्या लहान ससाण्याच्या ओरडण्याची आठवण करून देणारी. तांबगळीचा ‘क्वीक-क्वीक-क्वीक’ आखूड मालिकेत आणि जास्त तीक्ष्ण. दक्षिण आफ्रिकेत पक्षी बघणाऱ्यांना तो आधी ऐकू येतो, मग पक्षी सापडतो. आपल्याकडे उलटं: पक्षी सापडतो, आवाज मात्र ऐकायचा राहून जातो.

खातात काय?

मुंग्या. आणखी मुंग्या. मुंग्यांच्या अळ्या आणि कोष, ज्यांना आपण सरसकट मुंग्यांची अंडी म्हणतो. मधूनमधून एखादा भुंगेरा, मावा, कोळी, पण तो तोंडी लावण्यापुरता. याही बाबतीत दोन्ही बहिणी सारख्याच.

खायची पद्धत बघण्यासारखी असते. शेताच्या बांधावर उतरायचं, शेपटी किंचित वर ठेवून टुणटुण उड्या मारत वारुळापाशी जायचं, चोचीने माती जराशी उकरायची आणि जीभ आत सोडायची. माळावर बसून एकदा मी वीस मिनिटं हा उद्योग बघितला. ती एका जागेवरून हललीच नाही. शेजारून गेलेल्या मेंढपाळाने मला विचारलं, काय हरवलंय का? मी बोट दाखवलं. त्याला मातीशिवाय काहीच दिसलं नाही, आणि त्यात त्याची चूक नव्हती.

इथे एक बारकावा आहे. तिला मुंग्या नुसत्या असून भागत नाही, त्या पोहोचण्याजोग्या लागतात. गवत दाट, गुडघाभर असेल तर वारूळ खाली असूनही उपयोग नाही. मध्ये मध्ये उघडी माती हवी. स्वित्झर्लंडमधल्या द्राक्षमळ्यांत आणि फळबागांत झालेल्या अभ्यासांतून हे स्पष्ट झालं आहे.

घरटं, अंडी, पिलं यांत दोघींत काय फरक?

इथे दोघी खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात. गळ्याच्या रंगापेक्षा हा फरक मला मोठा वाटतो.

सुरुवात सारखीच. दोघी दुसऱ्याच्या ढोलीत संसार थाटतात: इतर सुतारांनी किंवा तांबटाच्या भाऊबंदांनी कोरलेल्या जुन्या ढोल्या, झाडाची नैसर्गिक पोकळी, कुंपणाचा पोकळ खांब, माणसाने टांगलेली लाकडी पेटी. आत गवत-पिसांची गादी वगैरे काही नाही. अंडी पांढरी, सरळ ढोलीच्या तळाशी.

टॉर्क्विला साधारण ७ ते १० अंडी घालते. हजारो किलोमीटर उडून आलेली असते, उत्तरेतला उन्हाळा आखूड, हाताशी वेळ कमी. १२-१३ दिवसांत पिलं, आणि पुढच्या जवळपास २० दिवसांत ती ढोलीबाहेर. ढोली मिळवण्यासाठी ती सभ्यपणा बाजूला ठेवते. आत आधीच टिट पक्ष्याची अंडी किंवा पिलं असतील तर ती उचलून बाहेर फेकते आणि ताबा घेते. युरोपातल्या पेट्या तपासणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे.

तांबगळीला घाई नाही. अंडी बहुधा ३-४. उबवण्याचे दिवस जवळपास तितकेच, पण पिलं ढोलीत २५ दिवसांच्या आसपास राहतात. वर्षभर तिथेच राहायचं असल्यावर एकदम दहा तोंडांचा पसारा कशाला? उष्ण प्रदेशातल्या अनेक पक्ष्यांत असंच दिसतं: घास कमी तोंडांत वाटायचा आणि पिलांना निवांत वाढवायचं.

पण तिच्या निवांतपणात एक चोर आहे. लेसर हनीगाइड नावाचा पक्षी तिच्या ढोलीत गुपचूप आपलं अंडं टाकतो, कोकिळा कावळ्याच्या घरट्यात टाकते तसं. त्याचं पिल्लू जन्मतःच चोचीच्या टोकाला आकड्यासारखे दात घेऊन येतं आणि डोळे उघडायच्या आधीच त्याने मानमोडीच्या पिलांचा जीव घेतलेला असतो. मग आईबाप त्या एकट्याला भरवत राहतात. यातली गंमत म्हणावी की दुर्दैव, हनीगाइडचं कुळ हे सुतारांच्या कुळाचं सगळ्यात जवळचं नातलग आहे. भाऊबंदकी ती हीच. (माणसाला मधाच्या पोळ्याची वाट दाखवण्यासाठी प्रसिद्ध आहे तो याचा थोरला भाऊ, ग्रेटर हनीगाइड. त्याचीही अंडी दुसऱ्यांच्याच घरात असतात.)

नर-मादी वेगळे ओळखता येतात का?

शेतात उभं राहून नाही, दोन्ही जातींत नाही. अंडी उबवायला, पिलं भरवायला दोघंही असतात, त्यामुळे वागण्यावरूनही सांगता येत नाही.

टॉर्क्विला आपल्याकडे नेमकी कुठून येते?

तिचा विणीचा पट्टा प्रचंड आहे. पश्चिमेला स्पेनपासून पूर्वेला जपानच्या होक्काइदोपर्यंत. युरोपातल्या सुतारांत खरा लांब पल्ल्याचा प्रवास करणारी ही एकटीच. प्रवास रात्रीचा. अपवाद म्हणून वायव्य आफ्रिकेतली एक उपजात बरीचशी जागेवरच राहते.

भारतात येणारे पक्षी मध्य आणि उत्तर आशियातले, तसंच आपल्याच हिमालयातले. काश्मीर आणि वायव्य हिमालयात तिची हिमालयाना नावाची उपजात वीण करते, त्यामुळे ‘मानमोडी भारतात घरटं करत नाही’ हे सरसकट विधान चूक आहे. महाराष्ट्रात करत नाही, इतकंच म्हणा. आपल्याकडे आलेली एखादी मानमोडी काश्मिरी की सायबेरियन, हे दुर्बिणीतून सांगता येईल असं मला तरी वाटत नाही. सांगणारे भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

महाराष्ट्रात कधी आणि कुठे शोधावी?

ऑक्टोबर ते मार्च. जागा म्हणाल तर घनदाट जंगलात जाऊ नका. पुणे, नगर, सोलापूर या पट्ट्यातली माळरानं, बोरी-बाभळीची खुरटी झुडपं, शेताचे बांध, पडीक रानं, तलावाच्या काठची काटेरी झाडी. कोकण-गोव्यातही हिवाळ्यात दिसते, पण देशावरचा कोरडा मुलूख तिला जास्त मानवतो.

वेळ सकाळची, ऊन अंगावर घ्यायला पक्षी झुडपाच्या शेंड्यावर बसतात तेव्हाची. बसलेल्या खाटीक पक्ष्यांकडे दुर्बिणीतून दुसऱ्यांदा बघण्याची सवय लावा. लांबून मानमोडी कधी खाटकासारखी, कधी एखाद्या चंडोलासारखी वाटते, आणि पहिल्या नजरेत आपण ‘खाटीक आहे’ म्हणून पुढे जातो. जमिनीवरून उठून खालीवर हेलकावत जवळच्या झुडपात शिरली आणि तिथे दिसेनाशी झाली, तर तिथेच थांबा. ती आत आहे, तुमच्याकडे बघत.

एकदा दिसलेली जागा लक्षात ठेवा. हिवाळाभर ती बऱ्याचदा त्याच बांधाच्या आसपास सापडते.

आणि दक्षिण आफ्रिकेत तांबगळी बघायची असेल तर?

हाउतेंग प्रांत, क्वाझुलू-नाताल, ईस्टर्न केप. झाडं विखुरलेला गवताळ प्रदेश, जंगलाच्या कडा, शहरांतल्या बागा. बाहेरून आणून लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळींच्या बनांतही ती रुळली आहे. तिकडचं आफ्रिकान्स नाव द्राइहाल्स, म्हणजे मानफिरवी. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा तिच्या गळा काढण्याचा काळ, तेव्हा कानाने शोधा.

मानमोडी अपशकुनी आहे का? इंग्रजीतला ‘जिंक्स’ शब्द हिच्यावरून आला म्हणतात.

बहुतेक कोशकार तसंच मानतात. गोष्ट ग्रीसची आहे. प्राचीन ग्रीकांत या पक्ष्याला आयुंक्स म्हणत. फिरणारी मान बघून त्यांना त्यात वशीकरण दिसलं. चार आऱ्यांच्या छोट्या चाकावर जिवंत पक्षी पंख-पाय पसरून बांधायचा आणि चाक गरगर फिरवत मंत्र म्हणायचे, म्हणजे रुसलेला प्रियकर ओढला जातो, अशी समजूत. पुढे त्या चाकालाच आयुंक्स म्हणू लागले. कथा अशीही आहे की आयुंक्स ही पॅन देवाची मुलगी, तिने झ्यूसवर जादू केली म्हणून त्याच्या बायकोने, हेराने संतापून तिला पाखरू करून टाकलं. ग्रीक शब्दावरून शास्त्रीय नावातलं जिंक्स आलं, आणि पिळणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून टॉर्क्विला.

म्हणजे अपशकुन घडला तो पक्ष्याच्या वाट्याला. आपल्याकडे पिंगळ्यावरून जितक्या समजुती आहेत तितक्या मानमोडीवरून ऐकू येत नाहीत. एक कारण उघड आहे: ती फारशी कुणाला दिसतच नाही.

मान फिरवण्याचा दुसराही अर्थ लोकांनी काढला आहे. जर्मनीत या पक्ष्याला वेंडेहाल्स म्हणतात. १९८८ मध्ये तो तिथे ‘वर्षाचा पक्षी’ ठरला. पुढच्याच वर्षी बर्लिनची भिंत पडली, आणि पूर्व जर्मनीत रातोरात निष्ठा बदलून नव्या बाजूला टाळ्या वाजवणाऱ्यांना लोक वेंडेहाल्स म्हणू लागले. आपल्याकडे त्यांना आयाराम-गयाराम म्हणतात. पाखराची तेवढीच सुटका.

दोघींपैकी कोणती धोक्यात आहे?

जागतिक यादीत दोघींची नोंद ‘कमी चिंतेच्या’ गटात आहे. पण त्या शब्दाने फसू नका, विशेषतः टॉर्क्विलाच्या बाबतीत. इंग्लंडच्या दक्षिण भागात ती एके काळी ओळखीची होती. वसंतात कोकिळेच्या जरा आधी येते म्हणून गावात तिला कोकिळेची जोडीदारीण म्हणत. विसाव्या शतकात ती तिथे घटत घटत गेली आणि विणीचा पक्षी म्हणून जवळपास संपली. आता ब्रिटनमध्ये दिसतात त्या मुख्यतः वाटसरू. पश्चिम आणि मध्य युरोपात इतरत्रही घट झाली आहे. जुन्या फळबागा तोडल्या की ढोल्या जातात, खत घातलं की गवत दाटतं आणि उघडी माती झाकली जाते, फवारणीने मुंग्याच कमी होतात.

तांबगळीचं त्या मानाने बरं चाललं आहे. बागा आणि लावलेल्या झाडांची बनं तिने आपलीशी केली.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर माळरान म्हणजे ‘रिकामी जागा’ ही समजूत हाच मोठा धोका. कुठे प्लॉट पडतात, तर कुठे चांगल्या हेतूने सरसकट झाडं लावली जातात. बोरी-बाभळीचा खुरटा माळ हा नापास झालेलं जंगल नसतो, तो स्वतःच एक अधिवास असतो. हे सांगितलं की समोरचा आपल्याकडे जरा संशयाने बघतो, तरी सांगावं.

अंगणात लाकडी पेटी टांगली तर मानमोडी येईल का?

युरोपात येते, दक्षिण आफ्रिकेतही. महाराष्ट्रात नाही, कारण इथे ती वीण करत नाही. पेटीत साळुंकी किंवा दयाळ आला तर आनंद माना. मानमोडीसाठी काही करायचंच असेल तर शेताच्या कडेची मुंग्यांची वारुळं पावडर टाकून मारू नका.

ईबर्डवर (पक्षी दिसल्याच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) नोंद करताना कोणतं नाव निवडू?

भारतात यादीत युरेशियाई मानमोडीचं, म्हणजे टॉर्क्विलाचं नाव येतं, तेच. उपजात सांगण्याच्या भानगडीत पडू नका. वेळ, जागा आणि ती काय करत होती हे दोन ओळींत लिहा: जमिनीवर होती की झुडपात, खात होती की ऊन घेत होती. फोटो नसला तरी चालेल. आणि गळा तांबूस वाटला असेल, तर नोंद पाठवण्याआधी घड्याळात किती वाजले होते ते बघा.